पिकअप, मूळ भागांसह

वडील वारल्यावर चिरंजीवांच्या वाट्याला एक पिकअप गाडी आली. घर आईच्या नावावर होते, दुकानाची जागा भाड्याची होती, आणि वडिलांचा आवाज व तापट स्वभाव थोरल्या बहिणीने आधीच नेला होता. त्यामुळे वाटणीबाबत कोणाचीही तक्रार आली नाही.

गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. तिचा रंग कधीकाळी निळा असावा. डावा दरवाजा दोरीने बांधलेला होता, मागच्या फाळक्यावर परातीएवढा पोचा होता, आणि बोनेटखाली पाखरांनी घर केले होते. या गाडीतून वडिलांनी आयुष्यभर काचा आणि आरसे घरोघरी पोचवले. दोरीवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून मोठा आरसा असला की तो धरून ठेवायला आई मागे घोंगडीवर बसत असे. पुढे, चालकाशेजारच्या सीटवर, पुट्टीचा डबा बसे. मागे ठेवला तर डबा सांडेल, असे वडिलांचे म्हणणे होते. आई सांडेल, ही शक्यता त्यांनी विचारात घेतली नव्हती.

"गाडी चालू कर रे," आई एके सकाळी म्हणाली.

"कुठे जायचंय तुला?"

"कुठे नाही. मला एकदा पुढे बसायचंय."

चिरंजीव एका विमा कंपनीत तक्रारींना उत्तरे लिहीत. 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे' हे वाक्य त्यांनी इतक्यांदा लिहिले होते, की कालांतराने त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता. त्यांनी आईच्या इच्छेची नोंद घेतली आणि मेस्त्रीला बोलावले.

मेस्त्रीने बोनेट उघडले, पाखरे उडाली, त्याने कान लावला. "इंजिन जिवंत आहे," तो म्हणाला. "फक्त बोलत नाही. आमच्या सासऱ्यांसारखं."

मेस्त्रीने सासऱ्यांवर जेवढी घेतली नसेल तेवढी मेहनत गाडीवर घेतली. पोचा ठोकून सपाट केला, दरवाजाला नव्या बिजागऱ्या बसवल्या, निळा रंग दिला. एका दुपारी गाडी खोकली, थुंकली आणि चालू झाली. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. आई बाहेर जायच्या चपला घालून डाव्या दरवाजापाशी येऊन उभी राहिली.

"थांबा," हात पुसत मेस्त्री म्हणाला. "रस्त्यावर नेऊ नका. हिचं वय उलटलंय. आता ही एक तर वारसा आहे, नाही तर भंगार. मधलं काही ठेवलेलं नाही कायद्यात."

आईने चपला काढल्या. चिरंजीव दुसऱ्या दिवशी वारसा वाहन कक्षात गेले.

कक्षाचे निरीक्षक पांढरे हातमोजे घालून आले. हातात भिंग होते आणि चेहऱ्यावर, आजाऱ्याला पाहायला आल्यावर असतो तसा भाव. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

"अरेरे," ते म्हणाले. "किती सुंदर दिसतेय."

"धन्यवाद, साहेब."

"कौतुक नाही हो, हरकत नोंदवतोय. वारसा म्हणजे मूळ स्थिती. मूळ स्थिती म्हणजे तुमच्या वडिलांनी शेवटची वापरली ती. या फाळक्यावर पोचा होता?"

"होता. काढला."

"कोणाच्या परवानगीने? वडिलांच्या हातचा पोचा तुम्ही पुसून टाकलात?" निरीक्षकांचा आवाज भरून आला. "लोकांकडे वडिलांचं एक अक्षर नसतं हो जपलेलं."

चिरंजीवांना अपराधी वाटले. ते तसे वाटून घेणाऱ्यांपैकी होते. त्यांनी मेस्त्रीला पुन्हा बोलावले. मेस्त्रीने कपाळाला हात लावला, मग हातोडी घेतली आणि जुन्या जागी, जुन्या मापाचा पोचा घातला. निरीक्षकांनी भिंग लावून तो फेटाळला.

"या पोच्यात हेतू दिसतो," ते म्हणाले. "मूळ पोचा अनवधानाने पडलेला होता. तो पडला कसा?"

"बाबा गाडी मागे घेत होते. आई मागून सांगत होती."

"मग तसाच पडायला हवा."

चिरंजीवांनी गाडी मागे घेतली. आई शेडच्या खांबापाशी उभी राहून हात हलवू लागली. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे. अजून येऊ दे. भरपूर जागा आहे."

धाडकन आवाज झाला. निरीक्षक फाळक्यापाशी वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. उठले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. "अस्सल निष्काळजीपणा," ते म्हणाले. "हल्ली बघायला मिळत नाही."

एकदा पोचा मान्य झाल्यावर बाकीचे ओघानेच आले. नवा रंग खरवडून काढला आणि जुना गंज चढावा म्हणून गाडी पाण्याच्या धारेखाली ठेवली. नव्या बिजागऱ्या काढून डावा दरवाजा पुन्हा दोरीने बांधला. पाखरांना परत बोलावण्यासाठी दाणे टाकले. पाखरे आली, पण ती तीच होती की दुसरी, याबाबत निरीक्षकांनी शंका राखून ठेवली. शेवटच्या काळात गाडी चालू होत नव्हती, असे चिरंजीवांनी प्रामाणिकपणे सांगितल्यामुळे इंजिनही बंद पाडण्यात आले. मेस्त्रीने ते जड मनाने केले. परंतु त्याचे नुकसान झाले नाही. 'मान्यताप्राप्त दोषकार' अशी पाटी कक्षाने त्याला दिली, आणि गावभर बोभाटा होऊन नव्याकोऱ्या गाड्यांचे मालक त्याच्याकडे वडिलोपार्जित पोचे घालून घ्यायला रांग लावू लागले. ज्यांचे वडील हयात होते, तेही. एका गृहस्थांनी तर वडिलांनाच सोबत आणले होते आणि 'इथे आपटायचे की तिथे' हे विचारून घेत होते.

"आता झालं ना?" चिरंजीवांनी विचारले.

"एक भाग गहाळ आहे," निरीक्षक म्हणाले. "चालक."

"साहेब, ते वारले."

"त्याची नोंद घेण्यात आली आहे."

हे वाक्य आपल्यालाही लागू शकते, हे चिरंजीवांना ठाऊक नव्हते.

"घाबरू नका. मूळ भाग नसेल तर बदली भाग चालतो," निरीक्षक समजुतीने म्हणाले. "अट एवढीच, की तो मूळ गाडीच्याच घराण्यातला, अस्सल हवा. आता मला सांगा, तुमचं उत्पादन कोणी केलं?"

"माझं? म्हणजे... बाबांनी."

"बघा! मग प्रश्नच मिटला."

"एकट्या त्यांच्या नावावर लिहू नका," दारातून आई म्हणाली. "नऊ महिने मी वागवलंय."

निरीक्षकांनी 'सहउत्पादक' असा शब्द जागच्या जागी काढला आणि उभयतांना आनंद झाला असे गृहीत धरले. चिरंजीवांना चालकाच्या जागेवर बसवून चाचणी घेण्यात आली. खड्डा आला की वडील खिडकीतून डोके काढून ओरडत, "अरे, काच आहे, काच!" चिरंजीवांनी तसे ओरडून पाहिले. ते ओरडणे नव्हते, ती विनंती होती.

"भाग सैल बसतोय," निरीक्षक म्हणाले. "घरात दुसरा आहे का?"

थोरल्या बहिणीला फोन लावण्यात आला. काय चालले आहे हे कळल्यावर ती जे बोलली, ते फोन हातभर लांब धरूनही शेजारच्या घरात ऐकू गेले. निरीक्षक नकळत सावधान स्थितीत उभे राहिले. फोन ठेवल्यावर त्यांनी घाम पुसला. "भाग उत्कृष्ट आहे," ते म्हणाले, "पण बसवणाऱ्याच्या जिवाला धोका संभवतो. तुम्हीच राहा. सराव करा."

मग त्यांनी भिंग आईकडे वळवले. "सहउत्पादकांची मूळ जागा कोणती?"

आईने चिरंजीवांकडे पाहिले. पुढची, एवढा एकच शब्द बोलायचा होता. विमा कंपनीतला कोणताही माणूस तो बोलला असता.

"मागची," चिरंजीव म्हणाले. "आरसा धरून."

आईने घरात जाऊन भांडी घासायला काढली. ती आधीच घासलेली होती.

गाडीला पितळी बिल्ला मिळाला आणि तिची स्थापना गावाबाहेरच्या मैदानात, दोरखंडाच्या कुंपणात झाली. दर सुट्टीच्या दिवशी चिरंजीव आणि आई तिथे जाऊन आपापल्या जागी बसत. चिरंजीव विमा कंपनीतल्या शर्टवर वडिलांची टोपी घालत आणि माणसे जवळ आली की ओरडत, "अरे, काच आहे, काच!" सरावाने त्यांना ते बरे जमू लागले होते. आईच्या हातात आरसा होता. पण काच फुटली तर प्रेक्षकांना इजा होईल, असा सुरक्षा विभागाचा आक्षेप आल्यामुळे काच काढून नुसती चौकट ठेवण्यात आली. आई दिवसभर ती रिकामी चौकट धरून घोंगडीवर बसे. चौकट हलकी होती, तरी तिचे हात भरून येत.

"आई, मी सांगायला नको होतं," एकदा दुपारी मागच्या खिडकीतून चिरंजीव म्हणाले.

"पुढे बघ," आई म्हणाली. "लोक आलेत."

लोक येत. पोच्यावरून हळुवार हात फिरवत. एक बाई दोरीने बांधलेला दरवाजा पाहून रडल्या, कारण त्यांच्याकडे लहानपणी अशीच दोरी होती. एकांनी चिरंजीवांचा खांदा दाबून पाहिला आणि बायकोला म्हणाले, "हाही ओरिजिनल आहे." मुले आईला बिस्किटे देत. देऊ नयेत, अशी पाटी नंतर लागली.

असे चालले असताना एका सुट्टीच्या दिवशी तुम्ही आलात.

आठवत असेल तुम्हाला. ऊन उतरत होते, प्रकाश फार छान होता. तुम्ही फाळक्यावर चढलात, रिकाम्या चौकटीतून चेहरा बाहेर काढलात आणि सोबतच्याला फोन दिलात. मग पडद्यावर पाहून कपाळाला आठ्या घातल्यात. चौकटीच्या कोपऱ्यात पांढरे केस दिसत होते.

"आजी," तुम्ही अगदी गोड आवाजात म्हणालात, "जरा सरकता का? फोटोत येताय."

आई सरकली. जास्त नाही, वीतभर. तुम्ही आभारही मानलेत.

वारसा नियमांनुसार प्रदर्शन चालू असताना मूळ भाग जागचा हलला, की वाहनाचा दर्जा तत्क्षणी रद्द होतो. निरीक्षक कुंपणापाशीच उभे होते. त्यांना फार वाईट वाटले. त्यांनी हातमोजे काढून बिल्ला स्वतःच्या हाताने उपटून काढला. वारसा नाही म्हणजे भंगार, आणि भंगार जमा करायचे ते सर्व मूळ भागांसह, असा नियम असल्यामुळे चिरंजीव व आई यांनाही गाडीसोबत रवाना करण्याचा आदेश निघाला.

"साहेब, आम्ही माणसं आहोत," चिरंजीव म्हणाले.

"ते अर्ज करताना सांगायचं असतं," निरीक्षक म्हणाले.

ओढून नेणारा ट्रक आला आणि गाडीला पुढून साखळी लावली. तेवढ्यात आई मागून उतरली. चौकट तिने गवतावर ठेवली. डाव्या दरवाजापाशी येऊन तिने निरीक्षकांना विचारले, "आता कुठे बसायचं, त्याचा काही नियम?"

निरीक्षकांनी डोके खाजवले. "भंगाराला जागेचा नियम नाही."

आईने दातांनी गाठ सोडली, दोरी काढली आणि पुढे बसली.

गाडी ओढली जाऊ लागली. बाजार आला, शाळा आली, पाण्याची टाकी आली. ज्या रस्त्यांनी ती आयुष्यभर गेली होती तेच रस्ते, तीच वळणे. आई दोन्ही हात मांडीवर मोकळे ठेवून बघत होती.

"अरे, इथून सगळं येताना दिसतं की," ती म्हणाली. "मागे बसून मला गेलेलंच दिसायचं."

खड्डा आला. चिरंजीव सवयीने खिडकीतून डोके काढून ओरडणार होते. आईने त्यांच्या दंडावर हात ठेवला. "राहू दे. काही नाहीये मागे."

भंगारवाल्याकडे मोठे लोहचुंबक होते. ते त्याने गाडीवरून फिरवले, मग चिरंजीवांवरून, मग आईवरून. आईच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा तेवढा खेचला गेला. तो त्याने सोडवून परत दिला. "हे दोन्ही भाग अधातू आहेत," तो त्रासून म्हणाला. "असला माल का पाठवतात? घेऊन जा यांना." घेऊन जायला कोणी नव्हते, म्हणून ते दोघे आपले आपणच निघाले. मागे यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा चिरंजीव थांबले. आई थांबली नाही. मग तेही चालू लागले.

तुमचा तो फोटो मात्र सुरेख आलाय. चौकटीत तुम्ही, मागे निळसर गंज, कडेला कोणी नाही. त्याखाली तुम्ही लिहिलेली ओळही पुष्कळांना आवडली आहे: 'आपला वारसा आपणच जपायला हवा.'