ताराची चकती

शेवटच्या रविवारी आम्ही दोघांनी तव्यावर दाणे भाजले. शेंगदाणे नव्हेत. तिच्या प्रयोगशाळेतले, हवेतलं पाणी पिणारे दाणे. ओले झाले की गुलाबी, भाजले की निळे. उलथणं माझ्या हातात आणि ओरडणं तिचं, "अवो, करपवाल सगळं!"

तारा माझी बायको. मोहोपाड्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेची झाडलोट करायची. तिथल्या साहेबांनी चिनीमातीसारखी एक चकती बनवलेली, रुपयाएवढी. भट्टीत लाल करायची, एका अंगानं जळणारा वायू सोडायचा, दुसऱ्या अंगानं हवा, की तिच्यातून वीज निघायची. धूर नाही, आवाज नाही. पण हवा दमट असली की चकती लवकर मरायची. म्हणून हवा आधी त्या दाण्यांतून जायची, आणि दाणे कोरडे ठेवणं ताराकडे.

झालं. हिच्या डोक्यात दमटपणा शिरला. मुंबईचे मोठे साहेब ओल्या रेनकोटात आले, तर हिनं दारात अडवले. "आधी निथळा, मंग या." साहेब निथळले.

एका पावसाळ्यात दहाला आणि तीनला विजेचा काटा उतरायचा, तो पुरता वर यायचाच नाही. प्रयोगशाळेतले साहेब कागद चिवडत बसले. तारा म्हणाली, "सायेब, चकती आपल्या च्यानं मरतेय." हवा ओढणाऱ्या पंपाचं तोंड हिच्याच दहा-तीनच्या चहाच्या स्टोव्हजवळ! वाफ पिऊन पिऊन दाणे किती पिणार? तिनं स्टोव्ह सायकलस्टँडवर नेला. सगळ्यांनी छत्रीत चहा प्यायला, हिला शिव्या घातल्या. चकती मात्र दसरा बघून गेली.

मी त्याच कारखान्याच्या बॉयलरवर कोळसा ओढायचो. म्हणायचो, "तुला नवऱ्यापेक्षा चकती प्यारी."

"चकती खोकत नाय रातभर."

बुधवारी धुणं वाळत घालताना ती खाली बसली, ती उठली नाही.

संध्याकाळी सगळं उरकून परतलो, तर चकतीवाले साहेब ओट्यावर बसलेले. म्हणाले, "काका, मावशी मला रोज विचारायच्या. अशा मोठ्या चकत्या झाल्या, तर कोळशाचा बॉयलर बंद व्हईल का? आमच्या म्हाताऱ्याची छाती सुटंल का?"

मला एका शब्दानं बोलली नाही बाई.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, चकती टिकली तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतक असून प्रयोगशाळेत गेलो. साहेब भट्टी विझवायच्या तयारीत. म्हणे, दाणे कोरडे राखायला माणूस नाही. मी चपला बाहेर काढल्या, पाय कोरडे पुसले आणि आत शिरलो.

"सायेब, काटा कुठला बघायचा?"