मिठाच्या पाण्यातले मूग

आठवीच्या वर्गात चाळीस मुली होत्या आणि त्यातल्या एकोणचाळीस जणींनी वहीत एकच वाक्य लिहिलं होतं : 'साध्या पाण्यातले मूग उगवले, मिठाच्या पाण्यातले उगवले नाहीत.' कनकलता टीचरने एकोणचाळीस वह्यांवर लाल शाईने बरोबरची खूण केली. चाळिसावी वही भुवनाची होती. तिच्यात लिहिलं होतं : 'दोन्हीकडचे उगवले. मिठाच्या पाण्यातले अर्धा सेंटिमीटर जास्त लांब आहेत.'

कनकलताने भुवनाला टेबलाजवळ बोलावलं. शाळेतलं सगळं बोलणं तमिळमध्ये चालायचं, मराठी कनकलता घरापुरती ठेवून यायची.

"हे तू पाहून लिहिलंस?"

"हो टीचर. पट्टीने मोजलं."

"मिठाच्या पाण्यात मूग उगवतात?"

भुवनाने खिडकीकडे पाहिलं. खिडकीत काचेच्या पेल्यांच्या दोन ओळी मांडल्या होत्या. "उगवलेत टीचर," ती हळूच म्हणाली.

कनकलतानेही पाहिलं. दोन्ही ओळींत कोंब होते. तिने मनाशी निष्कर्ष काढला, की मुलींनी पेले इकडचे तिकडे केले. हा निष्कर्ष काढायला तिला दोन सेकंद लागले. "तू पेल्यांचा गोंधळ केलास," ती म्हणाली आणि दहापैकी दोन गुण दिले. पापनाशमला भरणाऱ्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने पाच मुलींची यादी केली होती, तिच्यात भुवनाचं नाव तिसरं होतं. त्यावर तिने पट्टी लावून सरळ रेघ मारली.

"टीचर, पापनाशमला मी..."

"ज्यांना नीट बघता येतं, त्या जातील."

भुवना जागेवर जाऊन बसली. ही गोष्ट शुक्रवारी दुपारी तीन वाजता घडली. वेळ लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण साडेपाच वाजता कनकलताला हे वाक्य परत घ्यावंसं वाटलं, आणि बोललेलं परत घेण्याची काही सोय नव्हती.

त्र्याण्णव सालच्या उन्हाळी सुटीत ती तिरुचीला आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला गेली होती. साध्या प्रयोगांतून वैज्ञानिक पद्धत कशी शिकवावी, हा विषय होता. बघा, प्रश्न विचारा, अंदाज करा, तपासा, आणि जे दिसेल तेच लिहा. या पाच पायऱ्या तिने पुठ्ठ्यावर लिहून वर्गात टांगल्या होत्या. पहिला प्रयोग मुगाचा. साधं पाणी शाळेच्या नळाचं, आणि मिठाचं पाणी ती घरून आणणार, कारण मोजमाप चुकायला नको. रविवारी तिने सहा बाटल्या भरल्या. प्रत्येकीत दोन सपाट चमचे मीठ घातलं, चमच्यावरचं जादा मीठ सुरीने काढून टाकलं. बाटल्यांवर 'खार पाणी' अशा चिठ्ठ्या लावल्या आणि दाराजवळ ओळीने उभ्या केल्या.

चिठ्ठ्या मराठीत होत्या, पण अक्षरं तमिळ. जुन्या मराठी राजांच्या राजवाड्यामागच्या त्या गल्लीत बहुतेक घरांत असंच चाले. बोलायचं मराठी, लिहायचं तमिळ अक्षरांत. देवनागरी वाचणारं घरात कोणी उरलं नव्हतं.

सोमवारी सकाळी बाटल्या जागेवर नव्हत्या.

"अम्मा, माझ्या बाटल्या?"

तिच्या सासूबाई, अंबुजाबाई, फ्रिज पुसत होत्या. मार्चमध्ये तो आल्यापासून रोज सकाळी त्या तो देव्हाऱ्याच्या आधी पुसत. "गार पेट्टींत ठेवलें अस्कं," त्या म्हणाल्या. गार पेट्टी म्हणजे फ्रिज, अस्कं म्हणजे सगळं. "दारांत मांडलीस कां गे? कोण तरी पाय लावलं असतं."

कनकलताने घाईत फ्रिज उघडला. दारातच दोन बाटल्या होत्या आणि त्यांवर चिठ्ठी होती. तिने एक उचलली, पिशवीत टाकली आणि बस पकडली. मग रोज तसंच. संध्याकाळी रिकामी बाटली आणून ठेवायची, सकाळी दारातली भरलेली न्यायची. आपण सहा बाटल्या भरल्या असताना दारात रोज दोनच कशा, हे मोजायला तिला वेळ मिळाला नाही. चव घेऊन पाहण्याचा तर प्रश्नच नव्हता. प्रयोगाचं काहीही तोंडात घालायचं नाही, हा नियम तिनेच केला होता.

पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारलं होतं, "टीचर, मिठाचं पाणी एवढं थंड कसं?"

"मीठ विरघळताना उष्णता शोषून घेतं," कनकलताने सांगितलं होतं, आणि मुलींनी ते वहीत उतरवून घेतलं होतं. मंगळवारी उत्साहाच्या भरात तिने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'मिठाच्या पाण्यात मूग उगवत नाहीत.' खाली दोनदा रेघ. हा फक्त अंदाज आहे, हे सांगायचं तिच्या मनात होतं, पण तेवढ्यात घंटा झाली.

शुक्रवारी साडेपाचला प्रदर्शनाचं काम पाहणारे सुब्रमण्यम सर यादी न्यायला घरी आले. उन्हातून सायकल मारत आल्यामुळे शर्ट पाठीला चिकटला होता. कनकलताने यादी दिली, बोंडं तळायला घेतली. अंबुजाबाईंनी फ्रिज उघडला. दारातल्या दोन्ही बाटल्या रिकाम्या होत्या, म्हणून त्यांनी मागच्या ओळीतली एक काढली आणि चांदीच्या लोट्यात पाणी ओतलं.

सुब्रमण्यम सरांनी रीतीप्रमाणे मान मागे टाकली, लोटा ओठांना न लावता वरून धार धरली. अशा पिण्यात एक धोका असतो. जिभेला विचारेपर्यंत अर्धा लोटा पोटात गेलेला असतो. सरांचे डोळे एकदम मोठे झाले. पण ते घरंदाज गृहस्थ होते. तोंडातलं होतं तेही त्यांनी गिळलं.

"तुमच्याकडे," त्यांनी जरा वेळाने विचारलं, "पाहुण्याला आधी हेच देतात का?"

"तर!" अंबुजाबाई तमिळमध्ये म्हणाल्या. "उन्हातून आलेल्याला आधी हेच."

"राजांच्या वेळेपासून?"

"राजांकडे कुठली अशी पेटी! आमच्याकडे मार्चपासून. घ्या, अजून घ्या, लाजू नका." आणि त्यांनी लोटा पुन्हा काठोकाठ भरला.

सरांनी लोट्याकडे पाहिलं, मग मदतीसाठी बाटलीकडे पाहिलं. चिठ्ठी तमिळ अक्षरांत होती, त्यामुळे त्यांनी ती सहज वाचली. पहिला शब्द 'कार'. दुसऱ्याचा त्यांना बोध होईना, तेव्हा त्यांनी तो सोडून दिला.

"टीचर," ते स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "तुमच्याकडे कार आहे?"

"नाही हो सर. यांची सायकल आहे."

"मग हे कारचं पाणी कशाला ठेवलंय?" आणि विचारता विचारताच त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "बॅटरीत घालतात ते तर नाही ना? टीचर, मी अर्धा लोटा प्यालो!"

"अय्यो, ठसका लागला वाटतं," अंबुजाबाई म्हणाल्या. "पाणी घ्या, पाणी घ्या!"

"नको!" सर ओरडले.

कनकलता झारा हातात घेऊनच बाहेर आली. तिने बाटली पाहिली. अक्षर तिचंच होतं. मग तिने स्वतःचा नियम मोडला आणि थेंबभर जिभेवर घेतला. दोन सपाट चमचे. माप अगदी अचूक होतं.

तिने झारा खाली ठेवला, फ्रिज उघडला, दारातल्या रिकाम्या बाटलीच्या तळाशी राहिलेले चार थेंब तळहातावर घेतले आणि चाखले. मिठाचा लवलेश नव्हता.

"अम्मा, ही चिठ्ठी कोण लिहिलं?"

"मींच. रसाची बाटली, ताकाची बाटली, अस्कं एकासारखं दिसतें. म्हणून लिहिलें. गार पाणी."

"आणि ही मी लिहिलेय. खार पाणी."

अंबुजाबाईंनी चष्मा लावून दोन्ही चिठ्ठ्या शेजारी धरल्या. "मग खार म्हणून लिहायचं नाही कां गे? हें तर गार लिहिलीस."

"खारच लिहिलंय, अम्मा."

"कुठें? मला वाचायला येत नाही कां?"

दोघींचंही बरोबर होतं. तमिळमध्ये क, ख, ग आणि घ या चौघांना मिळून एकच अक्षर. खार लिहा, गार लिहा, कागदावर दोन्ही सारखीच दिसतात, आणि मराठी न येणाऱ्याने वाचलं तर त्याची कार होते. तीनशे वर्षं त्या घराण्याने या अक्षरांत कुळाचाराच्या याद्या आणि लग्नाच्या पत्रिका लिहिल्या होत्या. अडलं नव्हतं, कारण एकाच फ्रिजमध्ये दोन्ही पाणी ठेवायची वेळ आली नव्हती.

"म्हणजे नुसतं मीठ?" सुब्रमण्यम सरांनी विचारलं.

"नुसतं मीठ, सर."

सरांना इतका आनंद झाला की त्यांनी बोंडांची बशी पुढे ओढली. पण कनकलताचं लक्ष तिथे नव्हतं. पाच दिवस तिने वर्गात दोन्ही ओळींना साधंच पाणी घातलं होतं. म्हणजे दोन्हीकडचे मूग उगवायलाच हवे होते. ते उगवले, चाळीस मुलींच्या समोर उगवले. एकोणचाळीस जणींनी ते उगवले नाहीत असं लिहिलं, आणि तिने त्यांना बरोबर दिलं. आठवता आठवता तिला तो थंड पाण्याचा खुलासाही आठवला. 'ज्यांना नीट बघता येतं, त्या जातील.' हे वाक्य तर तिला आपल्याच आवाजात ऐकू येत राहिलं.

"सर, यादी परत द्या. एक नाव खोडलंय, ते घालायचं आहे."

तिने सगळं सांगितलं. सरांनी ऐकता ऐकता तिसरं बोंड घेतलं. "सोमवारी हे वर्गात सांगणार तुम्ही?"

"सांगायला हवं."

"टीचर, मी वीस वर्षं शिकवलंय, म्हणून सांगतो. पेले फेकून द्या. नवे मूग, नवं पाणी. या मुलीला पुढच्या वर्षी न्या. कुणाला काही कळणार नाही."

कनकलताने ताबडतोब नकार दिला असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ती सरांचं चौथं बोंड संपेपर्यंत गप्प राहिली, आणि तेवढ्या वेळात तिने पेले कुठे फेकायचे, ती जागासुद्धा ठरवली. शाळेच्या मागच्या नाल्याजवळ.

"काय झालं गे?" अंबुजाबाईंनी मराठीत विचारलं. "एवढं तोंड कां उतरलें? खार झालें तर झालें. तो माणूस बरा आहे की. खातो आहे."

"एका पोरीला मी खोटी म्हटलं, अम्मा. ती खरं सांगत होती."

"मग जाऊन सांग तिला," अंबुजाबाई म्हणाल्या, जणू दुकानातून काहीतरी आणायला सांगावं तशा. कनकलताने पेन उचललं आणि यादीच्या तळाशी भुवनाचं नाव लिहिलं.

सोमवारी तिने वर्गात सगळं सांगितलं. फ्रिज, चिठ्ठ्या, मीठ, सगळं. पाहुण्यांच्या लोट्याची हकीकत आली तेव्हा मुली हसल्या, आणि तिने त्यांना हसू दिलं. मग ती म्हणाली, "दोन्हीकडचे उगवलेत हे आणखी कोणी पाहिलं होतं?"

 मग मागच्या बाकावरून एक हात वर आला, मग तीन, मग सगळेच.

"मग लिहिलं का नाहीत?"

"फळ्यावर होतं ना टीचर," पुढची एक मुलगी म्हणाली. तिला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं.

कनकलता भुवनाच्या बाकाजवळ गेली. "भुवना, माझी चूक झाली. दोन गुण दिले, ती चूक. आणि बोलले, ती त्याहून मोठी. पण मला एक सांग. सगळा वर्ग एक लिहीत असताना वेगळं लिहायचं धाडस तुला कसं झालं?"

भुवना उभी राहिली. तिने वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "टीचर, मंगळवारी मला ताप होता. मी आलेच नव्हते. फळ्यावरचं मला माहीतच नव्हतं." थोडं थांबून तिने प्रामाणिकपणे पुढे सांगितलं, "माहीत असतं तर मीपण तेच लिहिलं असतं."

भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे बघायचं कनकलताने टाळलं.

"टीचर," भुवना म्हणाली, "तुम्ही सांगितलं नसतं, तर किती जणींनी खरं लिहिलं असतं?"

"माहीत नाही."

"मग बघूया का?"

आठवीची दुसरी तुकडीही चाळीस मुलींची होती. वीस जणींना आधी चुकीचं उत्तर सांगितलं, वीस जणींना काहीच नाही. पेले तेच, पाणी सगळ्यांना साधं, एका ओळीवर चिठ्ठी मात्र मिठाची. हे काम भुवनाने केलं. चुकीचं उत्तर सांगायचं काम मात्र टीचरच्याच आवाजात करावं लागणार होतं, कारण भुवनाने सांगितलं तर कोणी विश्वास ठेवला नसता. कनकलताने ते केलं. त्या दिवशी ती घरी फारशी जेवली नाही.

पापनाशमच्या प्रदर्शनात भुवनाचा तक्ता भिंतीवर लागला. उत्तर न सांगितलेल्या वीसपैकी वीस जणींनी जे दिसलं ते लिहिलं होतं. सांगितलेल्या वीसपैकी दोघींनी. वर जाड अक्षरांत शीर्षक होतं : 'टीचर चुकल्या तर वर्गाला काय दिसतं?' कनकलताने ते तीनदा वाचलं होतं. शब्दांत फेरफार सुचवावा असं तिला तिन्ही वेळा वाटलं आणि तिन्ही वेळा ती गप्प बसली.

कुंभकोणमच्या एक वयस्क परीक्षक बाई तक्त्यासमोर बराच वेळ थांबल्या. मग त्यांनी भुवनाला विचारलं, "ही चुकलेली टीचर म्हणजे कोण गं?"

भुवनाने खाली पाहिलं. भिंतीलगत पालकांच्या गर्दीत उभ्या असलेल्या कनकलताने वर्गातल्या मुलीसारखा हात वर केला.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, वहीत काहीतरी टिपलं, आणि पुढचा प्रश्न विचारला. "आणि हा प्रयोग करायला मार्गदर्शन कोणी केलं?"

कनकलताने हात खाली घेतला नाही.