पोवळ्यांचे काका

दिल्लीला लागून असलेल्या इंदिरापुरमच्या आमच्या सोसायटीत कुणाकडे नवं वॉशिंग मशीन आलं, की तिसऱ्या मजल्यावरचे केळकर काका धोतराचा तुकडा घेऊन हजर. न विचारता बाथरूममध्ये शिरत, मशीनच्या सांडपाण्याच्या पाइपच्या तोंडाला चौपदरी फडकं आवळत आणि म्हणत, "सुटली बिचारी पोवळी!"

काका समुद्रातल्या जिवांचे अभ्यासक. तरुणपणी अंदमानला पाण्यात उतरून पोवळी बघायचे. पुढे कानाचा पडदा फाटला आणि सरकारने त्यांना दिल्लीत फायलींसमोर बसवलं. निवृत्तीनंतर इथे फ्लॅट घेतला. जिथे पाणी टँकरने येतं, तिथे बसून हे समुद्र राखू लागले.

"पॉलिएस्टर धुतलं की प्लास्टिकचे बारीक धागे सुटतात," ते लिफ्टमध्ये गाठून सांगत. "नाल्यातून हिंडन नदी, मग यमुना, गंगा, थेट बंगालचा उपसागर! पोवळं म्हणजे दगड नव्हे रे, जीव आहे. इवलंसं तोंड उघडून बसतो आणि तुझी ट्रॅकपँट खातो!"

माझी बायको सरोजिनी नगरच्या बाजारातून चमचमती ओढणी आणली, की लिफ्ट टाळून जिन्याने चढायची.

शेजारच्या शर्माजींनी मंगळासाठी पोवळ्याची अंगठी घातली, तेव्हा काका कळवळले. "शर्माजी, किसी का घर उंगली में लेके घूम रहे हो!"

शर्माजी दचकले. "किराये का है क्या?"

एका हिवाळ्यात आम्ही अंदमानला निघालो. म्हटलं, "काका, तुम्ही दोघंही चला ना."

एरवी धबधब्यासारखा बोलणारा माणूस "गुडघे रे, गुडघे..." एवढंच पुटपुटून आत गेला.

काकू दारापर्यंत सोडायला आल्या. हळूच म्हणाल्या, "गुडघे ठणठणीत आहेत. तिथं सगळं पांढरं पडून मेलेलं दिसलं तर, याची धास्ती. हल्ली फोटोसुद्धा बघत नाहीत."

तिकडे काचेच्या तळाच्या होडीतून उतरलो आणि किनाऱ्यावरूनच काकांना मोबाइल लावला.

"बघितलीस?" त्यांनी विचारलं.

"बघितली, काका. काही पांढरी पडलीयत, पण..."

"पांढरी किती, ते मागाहून." काकांनी मला मध्येच तोडलं. "आधी रंग सांग. सावकाश सांग."

मी ओल्या वाळूत बसकण मारली आणि जांभळ्यापासून सुरुवात केली. हिरव्यापर्यंत पोचलो नाही तोच पलीकडे आरोळी उठली, "अगं, गॅस बंद कर आणि इकडे ये! आहेत गं, अजून आहेत!"