पाच, सहा आणि सात नंबरची कासवे

गुरुजींच्या घरामागचे तळे दोघा भावांचे सामाईक होते, आणि काठावरच्या लव्हाळ्यांवरून दोघांचे मुळीच पटत नव्हते. पलीकडच्या काठावर राहणारा धाकटा म्हणे, हा डासांचा कारखाना आहे, कापून टाकू. त्याने गवत कापणाऱ्याला यंत्रासकट महिनाअखेरीचा दिवसही देऊन ठेवला होता. गुरुजी म्हणत, तिथे पाणकोंबडी अंडी घालते, चार कासवे राहतात. लव्हाळी गेली की तीही जातील. धाकट्याच्या मते कासवे तिथे राहत नव्हती, नुसती येऊनजाऊन होती. शेवटी गुरुजींच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, तोडगा काढला. दोघांनी महिनाभर आपापल्या काठावरून कासवे पाहून वहीत लिहायची. तीच चार महिनाभर दिसली तर लव्हाळी राहतील, नाहीतर यंत्र चालेल.

गुरुजींनी चारही कासवे धरून पाठीवर पांढऱ्या रंगाने ठसठशीत आकडे घातले, एक ते चार. चाळीस वर्षे फळ्यावर गिरवलेला हात तो. धाकटा विजेचे मीटर वाचून निवृत्त झालेला. तो दुर्बीण लावून कासवांचेही रीडिंग घेऊ लागला.

पहिल्या रविवारी वह्यांची अदलाबदल झाली. गुरुजींच्या वहीत चारही कासवे रोज हजर होती. धाकट्याच्या वहीत दोन आणि तीन हजर, एक आणि चार बेपत्ता, आणि नवीन आलेले आठ आणि नऊ.

गुरुजींनी चष्मा पुसून पुन्हा वाचले. आठ आणि नऊ तसेच होते.

"अहो, आठ-नऊ आले असतील," वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तर पाच, सहा, सात वाटेत कुठं राहिले?"

गणित शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाला हा प्रश्न स्वस्थ कसा बसू देणार? गुरुजी काठी घेऊन लव्हाळी चाळू लागले. दुसऱ्या दिवशी कमरेएवढ्या चिखलात गेले आणि एक चप्पल तिथेच ठेवून वर आले. वहीत त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले, 'पाच, सहा, सात: शोध चालू.'

पुढच्या रविवारी हे वाचून धाकट्याचा संशय पक्का झाला. दादा कुठून तरी कासवे आणून, आकडे घालून सोडतोय. बाहेरची कासवे मोजणार नाही, असा त्याने वहिनींकरवी निरोप धाडला. गुरुजींचे डोके तर आता चालेनासेच झाले होते. आपणच झोपेत उठून रंगवतो की काय, अशी शंका येऊन त्यांनी रंगाचा डबा वहिनींच्या कपाटात कुलपात ठेवायला दिला.

महिना संपला. पलीकडे यंत्राची घरघर ऐकू आली तेव्हा मात्र गुरुजी तळ्याला वळसा घालून थेट धाकट्याच्या ओसरीत जाऊन उभे राहिले. धाकट्याने यंत्रवाल्याला हाताने थांबवले आणि दुर्बीण पुढे केली.

"तो बघ, दगडावर नऊ बसलाय."

गुरुजींनी बराच वेळ पाहिले.

"तो एक आहे."

"दादा, नंबर बदललाय का चष्म्याचा? वर गोल, खाली शेपूट. तीस वर्षं मीटर वाचलेत मी. मीटरवर नऊ असाच असतो."

"मीटरवर असेल. मी मराठीत काढलाय. मराठीत हा एक."

धाकट्याने दुर्बीण ओढून घेतली. ती खाली आली तेव्हा त्याचा आवाजही खाली आला होता.

"मग पलीकडचा आठ?"

"चार."

यंत्रवाला आळीपाळीने दोघांकडे पाहत राहिला. धाकट्याने त्याला सांगितले, की बाबा, आज काम नाही, चहा घेऊन जा. मग तो गुरुजींकडे वळला.

"मी चौथीत होतो तेव्हा माझा कान पिरगाळून काय सांगायचास, आठवतंय?"

गुरुजींना चांगलेच आठवत होते. "आकडा असा काढावा, की बघणाऱ्याला तो दुसरा वाटता कामा नये."

एवढे म्हणून त्यांनी चष्मा काढला आणि मुकाट्याने कान पुढे केला.

धाकट्याने कानाला हात लावला नाही. त्याने आपली वही त्यांच्यासमोर ठेवली आणि पेन दिले. गुरुजींनी शेवटच्या पानावर, वळणदार अक्षरात, लिहिले: 'पाच, सहा, सात: शोध बंद. चप्पल: शोध चालू.'