पाण्यालाही कॅन्सर!

"या महिन्याच्या अखेरीला प्रबंध टेबलावर नाही आपटला, तर नाव बदलीन!" असं मावशीनं लॅबमध्ये सगळ्यांदेखत जाहीर केलं. कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. हीच प्रतिज्ञा तिनं याआधी दोनदा केली होती.

मावशी म्हणजे तिथल्या कुणाची सख्खी मावशी नव्हे. बारा वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवून, चांगली चालती नोकरी सोडून, चाळिशीच्या तोंडावर ती कॅन्सरच्या जनुकांचा अभ्यास करायला पुन्हा विद्यार्थिनी झाली होती. बाकीची मंडळी तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी पहिल्याच दिवशी नातं ठरवून टाकलं.

हे खूळ डोक्यात शिरलं ते ताईमुळे. थोरल्या बहिणीला आतड्याचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, ताई खडखडीत बरी झाली. पण "हे मलाच का गं झालं?" या तिच्या प्रश्नाला मावशीकडे उत्तर नव्हतं. वर्गातल्या साठ पोरांना पुरून उरणारी बाई त्या एका प्रश्नापुढे हरली, आणि ते तिला फार लागलं.

आता पाणी गळ्याशी आलं होतं. कॉलेजनं दोनदा मुदत वाढवून दिली होती. तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. महिनाअखेर निष्कर्ष हातात नसले तर नाव कट, पदवी गेली, नोकरी तर आधीच गेलेली!

काम होतं चोवीस रोग्यांच्या गाठींमधला डीएनए वाचण्याचं. करंगळीच्या पेराएवढ्या चोवीस नळ्या. झाकण उघडायचं, डोळ्याला धड दिसणार नाही एवढा थेंब सोडायचा, झाकण लावायचं. मावशीचा हात सोन्यासारखा होता. तोंडाचं मात्र काही सांगू नका! बारा वर्षांची सवय.

"सात नंबर, सरळ उभा राहा! आठ नंबर, झाकण कुठंय तुझं? शेजाऱ्याकडे बघू नकोस!"

असा तिचा तास चाले. मास्क हनुवटीखाली. "मास्क लावला की माझं मलाच ऐकू येत नाही," हे तिचं म्हणणं.

मशीनचा निकाल आला आणि मावशी खुर्चीतून उडालीच. चोवीसच्या चोवीस गाठींमध्ये एक बारीकसा बदल, अगदी तोच! प्रत्येक गाठीतलं त्याचं प्रमाण थोडं, शेकडा दोन. पण एकही गाठ सुटलेली नाही. ताडून पाहायला त्याच रोग्यांच्या रक्ताच्या नळ्या लॅबच्या टेक्निशियननं भरल्या होत्या. त्यात तो बदल औषधालाही नव्हता!

गाईड सरांनी कागद दोनदा उलटसुलट केले आणि "बरं आहे" म्हणाले. सरांच्या तोंडून "बरं आहे" निघणं म्हणजे दगडाला पाझर फुटणं. मावशी जमिनीपासून वीतभर वरून चालू लागली. तिनं नवऱ्याला फोन केला, नवऱ्यानं दिराला, दिरानं साऱ्या गोतावळ्याला. संध्याकाळपर्यंत चुलत सासऱ्यांच्या मते कॅन्सरवरचं औषध सापडलं होतं आणि एका आत्याबाईंच्या मते ते गोड लागत होतं. ताई फोनवर रडलीच.

"मला छळणारा चोर तू पकडलास गं!"

"पकडला ताई! आता मुसक्या बांधायच्या तेवढ्या राहिल्यात!"

दुसऱ्या दिवशी शंकासुर आला. हा मावशीचा वर्गमित्र. त्याला सूर्य उगवला तरी पुरावा लागे.

"मावशी, पंचविसावी नळी पाहिलीस?"

"ती पाण्याची? पाण्यात काय बघायचंय?"

प्रत्येक खेपेला एक नळी नुसत्या पाण्याची ठेवायची रीत असते. सगळे सोपस्कार तिचेही करायचे, आणि शेवटी तिच्यात काही सापडता कामा नये. म्हणजे बाकीच्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. मावशीनं ती भरली होती इमानदारीनं, पण आनंदाच्या भरात तिचा निकाल उघडलाच नव्हता. शंकासुरानं उघडला.

पाण्यात तोच बदल!

"पाण्यालाही कॅन्सर झालाय म्हणायचा," शंकासुर शांतपणे म्हणाला.

मावशीनं तो निकाल तीनदा वाचला. मग पदर खोचल्यासारखा कोट खोचून उभी राहिली.

"कुणाचा तरी डीएनए माझ्या नळ्यांत पडलाय! सोडायची नाही मी त्याला. सगळ्यांनी थुंका!"

"मी पण?" सर दचकले.

"सर, तपासात लहानथोर नसतं!"

अकराजण रांगेत उभे राहून नळीत थुंकले. मावशीचा पक्का संशय टेक्निशियनवर होता. तो दिवसातून चाळीसदा शिंकायचा. "कबूल कर, मी रागावणार नाही," असं ती त्याला रागावून सांगत होती. तो बिचारा शिंकत शिंकत शपथा घेत होता. नियम म्हणजे नियम, म्हणून शेवटी ती स्वतःही थुंकली.

दुसऱ्या दिवशी निकाल शंकासुरानंच वाचला. टेक्निशियन, नाही. सर, नाही. मी, नाही. वाचता वाचता तो थांबला आणि चष्मा पुसू लागला.

"बोल की!"

"मावशी, तूच."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! चोवीस रोग्यांना तिनं शिस्त लावली होती, ती थुंकीचे तुषार उडवत. तो बदलही अगदी निरुपद्रवी निघाला, कुणाकुणात जन्मापासूनच असतो तसला.

टेक्निशियन शिंकला, पण या खेपेला अभिमानानं.

"अकरा दिवस उरलेत. पुढच्या वर्षी नव्यानं प्रवेश घेता येईल," सर हळूच म्हणाले.

"अकरा खूप झाले!" मावशी म्हणाली.

तिनं दोन मास्क चढवले, वरून चिकटपट्टी लावली आणि चोवीस गाठी नि एक पाणी, सगळं पहिल्यापासून केलं. बोलायचं ते चिठ्ठीवर. घरीही तीच तालीम. चौथ्या दिवशी नवऱ्यानं घाबरून विचारलं, "माझं काही चुकलं का?" तिनं चिठ्ठी दिली : 'आठवत असेल तर सांगून टाका.' त्यानं तीन गोष्टी कबूल केल्या.

दहाव्या दिवशी निकाल आला. पाणी कोरं करकरीत! आणि चोवीस गाठींत सामाईक असं नवं काही, शून्य.

अकराव्या दिवशी प्रबंध टेबलावर आपटला, आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मावशीनं सगळं सांगितलं. थुंकीसकट, लाज गिळून. बाहेरून आलेल्या परीक्षकबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या आणि मग गंभीर झाल्या. "शून्य असलं तरी खरं शून्य आहे. आणि दूषित नमुना कसा ओळखायचा, ते तुम्ही छान दाखवलंत. पास!"

सर म्हणाले, "बरं आहे."

आठवड्यानं एथिक्स कमिटीचं पत्र आलं. प्रबंधात पंचवीस माणसांचे डीएनए छापले आहेत. फायलीत संमतिपत्रं चोवीसच. पंचविसाव्या व्यक्तीची लेखी संमती येईपर्यंत पदवी राखून ठेवण्यात येत आहे. संशोधकानं त्या व्यक्तीला सोप्या भाषेत सर्व माहिती द्यावी, तिच्या शंका फेडाव्यात. साक्षीदार हजर असावा.

साक्षीदार म्हणून ताई आली. बारा पानांचा फॉर्म. मावशीनं मावशीला तासभर समजावून सांगितलं, मावशीनं मावशीला शंका विचारल्या. ताई हसून हसून गालिच्यावर आडवी झाली. मावशीनं मात्र शेवटी पेन खाली ठेवलं.

"ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही गं मिळालं."

"नसू दे. शेवटचं कलम वाच. 'सहभागी व्यक्तीला हा अभ्यास इथेच सोडायचा आहे का?'" ताईनं वर पाहिलं. "काय गं, सोडायचाय?"

मावशीनं पेन उचललं आणि असं ठासून 'नाही' लिहिलं, की कागद टर्रकन फाटला.

बाराही पानं पुन्हा पहिल्यापासून भरावी लागली.