भालेराव तात्यांचा पारा

माणूस भेटला की आपण "बरं आहे ना?" असं विचारतो. आमचे भालेराव तात्या विचारायचे, "काय जाळलं?"

सकाळी दूध आणायला निघालेली बाई असो, लग्नाची पत्रिका घेऊन आलेला पाहुणा असो की शाळा तपासायला आलेले साहेब असोत, तात्यांचा पहिला प्रश्न हाच. मी लोणी भापकरच्या हायस्कूलवर शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि त्यांच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलं. पहिल्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं. कुंपणापलीकडून एक उंच, वाळकुडा म्हातारा डोकावला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात रबर लावलेली वही.

"बाई, जुनं घर सोडताना काय जाळलं का? रद्दी, गादी, काय?"

"नाही हो."

त्यांनी वही काढली, घड्याळ बघितलं आणि काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंत?"

"काय न्हाय जाळलं म्हणून."

मला वाटलं, म्हातारपणानं डोकं फिरलंय. मग सुमनकाकू, म्हणजे त्यांची बायको, चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "त्यांचं मनावर घेऊ नका. समद्या गावाला इचारत्यात. मला तर रोज दोनदा इचारत्यात, आन् चूल मी त्यांच्या डोळ्यांदेखत पेटवती."

गावाच्या वरच्या अंगाला उघडा माळ आहे. त्यावर एक पांढरी खोली आणि तिच्या छपरातून वर आलेली एक नळी. पुण्याच्या एका संशोधन संस्थेनं हवेतला पारा मोजायला ते केंद्र उभारलंय. तात्या आधी पाटबंधारे खात्यात होते, पावसाची मापं घेण्यात त्यांची उभी नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर संस्थेनं त्यांना केंद्र सांभाळायला घेतलं, आणि तात्यांनी ते असं सांभाळलं की लोक आपलं देवघरही तसं सांभाळत नाहीत.

पारा म्हणजे थर्मामीटरमधला चकचकीत थेंब, एवढंच मला ठाऊक. पुढचं तात्यांनी सांगितलं. कोळसा जळला की त्यातला पारा वाफ होऊन हवेत जातो आणि महिनोन्‌महिने हिंडत राहतो. "ह्याला तलाठ्याची हद्द ठाऊक न्हाय, बाई. कुठल्या मुलखात जळतं आन् कुठं येऊन पडतं. हवेतनं पाण्यात, पाण्यातनं माशात, माशातनं माणसात."

"मग आज किती आहे?"

तात्यांचा चेहरा पडला. माझ्यासारख्या शिकलेल्या बाईनं असं विचारावं! "पोराची उंची रोज मोजून काय कळतं का? भिंतीवर खूण करायची आन् वर्षानुवर्षं करत ऱ्हायाची. आमची खूण वीस वर्षांनी वाचायची असती. तवा मी नसंन."

आता ती नळी सगळ्या जगाची हवा ओढायची, तशी गावातलीही ओढायची. कुणी बांधावर पाचट पेटवलं, कुणी टायर जाळला, की यंत्राचा आकडा हलायचा. तो जगाचा की लोणीचा, हे पुण्याच्या लोकांना कळावं म्हणून जवळपास काय जळलं ते लिहून ठेवायचं, असा नियम होता. नियमात "जवळपास" म्हटलं होतं. तात्यांनी त्यात निम्मा तालुका घेतला. लग्नात ते अक्षता टाकायच्या आधी फटाक्यांची माळ किती हातांची ते बघून घ्यायचे. होळीला गाव बोंब मारायचं आणि तात्या एका बाजूला उभे राहून लिहायचे. त्यामुळं गाव त्यांना टरकून असे. हा माणूस सरकारला कागाळ्या कळवतो, अशी निम्म्या गावाची खात्री होती. उरलेल्या निम्म्याला त्या खोलीत सोनं आहे असं वाटायचं. तात्याच एकदा बोलून गेले होते की पारा सोन्याला चिकटतो, म्हणून यंत्राच्या आत थोडं सोनं असतं. दुसऱ्या दिवशी बचत गटाच्या बाया ते बघायला माळावर हजर.

त्यांचं हाडवैर एकट्या पोपटशी. पोपटचं भंगाराचं दुकान माळाच्या पायथ्याशी. तो तांबं काढायला वायरी जाळायचा. धूर दिसला की तात्या येऊन समोरच्या दगडावर बसायचे आणि वही उघडायचे.

"लिवा, लिवा!" पोपट ओरडायचा. "नाव नीट लिवा, तात्या! पोपट!"

एकदा ती नोंद मी वाचली. 'वायरी, अर्धा तास. धूर काळा. वारा पश्चिमेचा.' आणि शेवटी शेरा: 'इसम उर्मट.'

एकदा आम्ही तिघं इंदापूरला तात्यांच्या भाचीच्या साखरपुड्याला गेलो होतो. परतताना काकूंना मासे खायची इच्छा झाली. तात्यांनी खानावळवाल्याला विचारलं, "मासा केवढा हाय?" त्याला वाटलं, गिऱ्हाईक मोठं आहे. त्यानं हातभर दाखवला.

"नगं. ल्हान आण. मासा जितका मोठा, तितका लई दिवस खात आलेला. त्याच्या अंगात काय काय साठलंय कुणाला ठाऊक."

"अवो, सकाळी धरलाय!"

"धरला सकाळी. पर जगला किती वर्षं?"

खानावळवाला चिडला. तात्या त्याला पाऱ्याचं शास्त्र समजावत राहिले. तोवर काकूंनी मोठ्या माशाचा तुकडा मागवून, खाऊन, हातही धुतले होते.

काकू गेल्या त्या अशाच, काही न बोलता. एका सकाळी अंगणात धुणं वाळत घालताना छातीत कळ आली. मी पळत गेले. बारामतीहून गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. तात्या उंबऱ्यावर बसले होते, मांडीवर काकूंचं ओलं लुगडं तसंच पिळा दिलेलं.

दुपारी अंत्यविधी झाला. कुणी सांगायच्या आत पोपटनं त्याच्या पिकअपमधून लाकडं आणून टाकली होती. चिताही त्यानंच रचली. बौद्धाचार्यांनी त्रिसरण पंचशील म्हटलं, आम्ही मागून म्हटलं. त्यांची मुलगी सुरतेहून निघाली होती, पण तिला पोहोचायला रात्र झाली असती. म्हणून तात्यांनीच अग्नी दिला. धूर उठला आणि कलला. तात्यांनी मान वर करून एकदा तो कुठं चाललाय ते बघितलं. मग मान खाली घातली ती आम्ही घरी येईपर्यंत वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी ते माळावर कामाला गेले. मुलगी सोबत चला म्हणत होती, पण ते गेले नाहीत. मात्र त्यांनी कुणालाही काही विचारणं सोडलं. रस्त्यानं येणारे लोक त्यांच्यासमोर उगाच रेंगाळायचे. एक दिवस दूधवाला आपण होऊन म्हणाला, "तात्या, काल गोठ्यात धुरी केली व्हती." तात्यांनी "बरं" म्हटलं आणि पुढं गेले.

महिन्याभरानं संस्थेचे पुण्याहून संध्याकाळचे फोन सुरू झाले. कुंपणापलीकडून मला त्यांची बाजू ऐकू यायची. "व्हय मॅडम... बघतो... आठवत न्हाय, मॅडम." भालेराव तात्यांना आठवत नाही? मी चकित झाले, पण विचारायचा धीर झाला नाही.

मग एका सकाळी पोपटच्या दुकानापुढं दोन गाड्या उभ्या राहिल्या. एकीतून प्रदूषण बघणारे दोन साहेब उतरले, दुसरीतून संस्थेच्या अनघा मॅडम. गावात बातमी पसरली की माळावरच्या यंत्रानं एका दुपारी भलताच मोठा आकडा दाखवलाय. यंत्र तपासलं तर ठीक आहे. म्हणजे जवळच काहीतरी पाऱ्याचं जळलं. आणि जवळ जाळतो कोण? पोपट. त्याच्याकडं जुन्या ट्यूबलाइट, बॅटऱ्या, सगळंच पडलेलं. दुकानाला कुलूप लागणार.

तात्या माझ्या दारात आले. "बाई, शाळेला अवकाश असंल तर जरा संगं चला."

आम्ही पोहोचलो तेव्हा पोपट आपल्या भंगारात उभा होता आणि साहेब पंचनामा लिहीत होते. पोपट गयावया करत नव्हता. त्याला वाटत होतं, वायरींचं जुनं पाप आता फळाला आलं.

"साहेब, थांबा," तात्या म्हणाले. "त्या दिशी ह्यानं काय जाळलं न्हाय. त्या दुपारी ह्यो माझ्यासंगं व्हता."

"तुम्ही कोण?"

"केंद्राचं बघतो मी."

अनघा मॅडम पुढं आल्या. "तात्या, तुमच्या वहीत त्या दिवसाचं पान कोरं आहे. तुमचं एकही पान कधी कोरं नसतं."

तात्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसला.

"ती माझी बायको हाय, मॅडम."

कुणालाच काही कळलं नाही. साहेबांनी पेन थांबवलं.

"तिच्या सहा दाढांत चांदी भरल्याली. चांदी म्हणायची रीत, निम्मा पारा असतो त्यात. तुमीच शिकवलंत. दाढंत चांदी असंल त्यानं नळीपशी तोंड न्यायाचं न्हाय. स्मशानभूमी माळाच्या पश्चिमेला हाय. वारा त्या दिशी पश्चिमेचा. मी बघितलं की वर. धूर सरळ नळीकडं चालला व्हता."

पोपटनं डोक्यावरची टोपी काढली.

"मग लिहिलं का नाही?" साहेबांनी विचारलं. आवाज त्यांनी आपोआप खाली आणला होता.

"लिवाय बसलो व्हतो. दोनदा बसलो. पर त्या रकान्याला नाव काय हाय, ठाव हाय का साहेब? 'प्रदूषणाचा स्थानिक स्रोत.'" तात्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "त्याखाली तिचं नाव कसं लिवू?"

मग पोपट पुटपुटला, "तात्या, लावू द्यायचं व्हतं की कुलूप. चार दिस मी घरी बसलो असतो."

"गप," तात्या म्हणाले. "न केल्याली गोष्ट तुझ्या नावावर कशापायी?" आणि साहेबांकडं वळून, "ह्याच्या वायरींची पानं येगळी हायती, साहेब. ती दावतो. सगळी हायती."

"तात्या!" पोपट किंचाळला.

साहेबांनी त्या दिवशी पंचनामा फाडला. वायरींबद्दल पोपटला समज दिली. पोपट आता वायरी यंत्रानं सोलतो, ते यंत्र घ्यायला त्याच्यासोबत बारामतीला तात्याच गेले होते.

पण ते नंतर. त्या सकाळी अनघा मॅडम आम्हाला घेऊन माळावरच्या खोलीत आल्या. त्यांनी लॅपटॉपवर त्या दिवसाची रेघ उघडली. सरळ चाललेली रेघ एका जागी उभी वर गेली होती आणि पुन्हा खाली येऊन सरळ झाली होती. तात्या खुर्चीच्या कडेवर बसून तिच्याकडं बघत होते.

"हा आकडा आपण सरासरीत धरणार नाही," मॅडम हळू म्हणाल्या.

"म्हंजे टाकून देणार?"

"नाही तात्या. टाकत काहीच नाही. खूण करून बाजूला ठेवतो. फाईलमध्ये तो राहतो."

"किती वर्षं?"

"कायमचा."

"आमी गेल्यावरबी?"

"आपण सगळे गेल्यावरही."

तात्यांनी मान हलवली. मॅडमनी कारणाच्या जागी 'अंत्यविधी' एवढंच लिहिलं आणि त्यांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि "चालंल" म्हणाले.

मॅडमची गाडी गेल्यावर आम्ही दोघं पायवाटेनं उतरू लागलो. काकू गेल्यापासून त्या सकाळपर्यंत त्यांच्याबद्दल तात्या कुणाशीही बोलले नव्हते. आता एकदम बोलू लागले.

"माळेगावची पोर ती. कारखान्याच्या वाटंवर घर. उसाची बैलगाडी दिसली की मागनं कांडकं वढायची. मी बघाय गेलो, तवाबी परसात बसून ऊस खात व्हती. मागनं तिची आय म्हणली, पावणं पोरीला बघाय आल्यात, तरी तोंडातला ऊस सुटना! हितं जिरायतीत आली. माळेगावला गेली की उसाची मोळी घेऊन यायची. दातानं सोलायची, गंडेऱ्या करायची, ताटलीत माझ्याम्होरं ठेवायची. समद्या दाढा त्यात गेल्या. डॉक्टर वरडला तिला. मी बी वरडलो."

ते वाटेतच थांबले. माझ्याकडं वळून त्यांनी तोंड उघडलं, एखाद्या पोरानं डॉक्टरपुढं उघडावं तसं, आणि ओठ बोटानं वर धरला.

"बघा, बाई. सत्तरी आली. एकबी किडल्याला न्हाय."

मी बघितलं. खरंच, सगळे दात शाबूत होते.

"मी कधी सोललाच न्हाय," तात्या म्हणाले, आणि वाटेकडेच्या दगडावर बसले.