गेंड्याच्या गालावरचा डोळा

जुन्या वस्तूंचं जतन हे अत्यंत जबाबदारीचं काम असल्यामुळे ते नेहमी मंडळानेच करावं. एकट्या माणसाकडे सोपवलं, तर चूक त्याच्या लक्षात येण्याचा धोका असतो.

हा धोका ओळखूनच व्हिडिओ गेम मशीन जतन मंडळ स्थापन झालं होतं. सभासद एकवीस, उपसमित्या तेवीस. (दोन उपसमित्यांत कोणीच नसल्याने त्यांचं काम सर्वांत सुरळीत चाले.) मंडळाकडे नाणं टाकून उभ्याने खेळायची, कपाटाएवढी बारा लाकडी मशिनं होती. प्रत्येकाच्या बाजूच्या फळीवर एकच चित्र: शेपटीतून ज्वाळा सोडत अंतराळात उडणारा गेंडा. अकरा मशिनांना लोक वर्षानुवर्षं इतके रेलून खेळले होते, की गेंड्याचं तोंडच पुसून गेलं होतं. बारावं मात्र जसंच्या तसं. त्यावरच्या गेंड्याचा डोळा कपाळाखाली नसून चांगला चार बोटं खाली, गालावर होता. त्यामुळे तो भलताच दुःखी दिसे. या दुःखावर मंडळाने दोन परिसंवाद घेतले. यंत्रयुगातल्या एकाकीपणाबद्दल सर्वांचं एकमत झालं. मतभेद राहिले ते फक्त चहाच्या वेळेबद्दल.

उरलेल्या अकरा गेंड्यांनाही तसंच दुःखी करायचं ठरलं आणि फवारेबाईंना बोलावणं गेलं.

फवारेबाई हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ही मशिनं जिथे बनली त्या कारखान्यात त्या ऐन विशीत रंगाचा फवारा मारायच्या, म्हणून पडलेलं नाव. ते लग्नानंतरही बदललं नाही. आता वय त्रेसष्ट. गुडघे कुरकुरत, पण हात स्थिर. त्यांनी बाराव्या मशिनावर पारदर्शक कागद चिकटवला, पेन्सिलीने गेंडा उतरवायला घेतला, गालापर्यंत आल्या आणि थबकल्या.

"अगं बाई! ही तर माझी शिंक."

"काय म्हणालात?" अध्यक्षांनी नम्रपणे विचारलं. (ते पेशाने दातांचे डॉक्टर. लोकांनी तोंड उघडलं की नम्र होण्याची त्यांना सवय होती.)

बाईंनी समजावून सांगितलं. या चित्राला चार स्टेन्सिल. पिवळं, लाल, काळं आणि शेवटी डोळ्याचं, तळहाताएवढं. ते शिंगाशी खाच जुळवून हाताने धरायचं. त्या दिवशी नेमकी शिंक आली आणि डोळा घसरला.

"तपासनिसाने मागच्या फळीवर खडूने ही एवढी फुली मारली आणि मशीन नापास करून गोदामात टाकलं. म्हणून ते कोणी खेळलं नाही, म्हणून ते टिकलं. चांगली होती ती बाकीची अकरा!"

"आठवण हा पुरावा धरता येत नाही, बाई," अध्यक्ष म्हणाले. "फळी हा पुरावा आहे."

दुसऱ्या दिवशी बाईंनी डोळ्याचं मूळ पत्र्याचं स्टेन्सिलच आणलं. कारखाना बंद पडल्यापासून ते त्यांच्या घरी उंदराच्या बिळावर ठोकलेलं होतं. (डोळ्याच्या भोकामुळे उंदरांची गैरसोय झाली नव्हती.) बाईंनी खाच शिंगाला लावली. डोळा बरोबर कपाळाखाली आला. मंडळाने तीन तास विचार करून ठराव केला: 'सदर स्टेन्सिल मूळ चित्राशी जुळत नसल्यामुळे ते बनावट असावे अथवा वयोमानाने आखडले असावे.'

शेवटचा उपाय म्हणून बाईंनी नवऱ्याला नेलं. तो तपासनीस म्हणजे हेच. फुलीनंतर आठवडाभर बाईंनी अबोला धरला होता आणि त्यातून, कसं कोण जाणे, लग्न झालं. तेव्हापासून जेवणात मीठ जास्त झालं, की ते एवढंच म्हणत, "आज डोळा सरकला वाटतं."

"सांगा यांना," बाई म्हणाल्या.

"ही फुली माझी," नवऱ्याने सांगितलं.

अध्यक्ष ताडकन उभे राहिले. पाठोपाठ अख्खं मंडळ उभं राहिलं. ती फुली म्हणजे अज्ञात कलाकाराची स्वाक्षरी, अशी दप्तरी नोंद होती आणि त्या कलाकाराचा शोध सहा वर्षं चालू होता.

"आपण ती... मुद्दाम काढलीत?"

नवऱ्याने उभ्या राहिलेल्या एकवीस माणसांकडे पाहिलं. त्यांच्यासाठी आजवर बसमध्येही कोणी उठलं नव्हतं.

"मुद्दाम," ते म्हणाले. "पूर्ण विचार करून."

त्यांना मानपत्र मिळालं, शिवाय मानद सल्लागारपद.

"शिंकेचं का नाही बोललात?" घरी आल्यावर बाईंनी विचारलं.

"कोणी विचारलंच नाही."

"मग मी नेलं कशाला होतं तुम्हाला?"

"अगं, एवढी शिकलेली माणसं उभी राहिली. त्यांना 'बसा खाली' कसं म्हणायचं?"

बाईंनी पुन्हा अबोला धरला आणि कामाला लागल्या. नव्या जाड कागदातून स्टेन्सिलं कापली, रंगामागून रंग चढवला आणि दहा गेंडे दुःखी केले. चूक एकदा व्हायला शिंक पुरते. तीच चूक दहा वेळा, केसभरही न हलता करायला मुरलेला हात लागतो.

अकराव्या गेंड्याला मात्र त्यांनी पत्र्याचं स्टेन्सिल लावलं. श्वास रोखला. एक वीत अंतरावरून तीन पातळ हात मारले आणि रंग सुकायच्या आत पत्रा अलगद उचलला. डोळा जागेवर बसला. गेंडा सरळ समोर बघू लागला, कुठे जायचंय ते ठाऊक असल्यासारखा. बाई किती तरी वेळ त्याच्यासमोर उभ्या होत्या. जीव शांत झाला.

मंडळाने पाहणी केली. गेंडा भावशून्य असल्याचं सर्वांना जाणवलं. मानद सल्लागारांना मत विचारलं. त्यांनी आधी गेंड्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"बरोबर आहे," ते हळूच म्हणाले.

चिटणिसांनी लिहून घेतलं: 'मंडळाचा आक्षेप बरोबर असल्याचे स्वतः कलाकारांनी मान्य केले.'

अकरा मशिनं प्रदर्शनाच्या मुख्य दालनात दोरीआड गेली. त्यांना हात लावायला बंदी. भावशून्य ठरलेलं ते एक मात्र स्वच्छतागृहाकडच्या बोळात ठेवलं गेलं. वर पाटी: 'सदोष नमुना. खेळण्यास हरकत नाही.'

उद्घाटनाच्या दिवशी बाई त्यावर आयुष्यात पहिल्यांदाच खेळत होत्या आणि भान हरपून जिंकत होत्या. शेजारी नवरा मानपत्राने त्यांना वारा घालत होता. तुम्हीही आला होतात त्या दिवशी. "स्वच्छतागृह कुठंय हो, मावशी?" असं तुम्ही विचारलंत. त्यांनी पडद्यावरची नजर न काढता कोपराने डावीकडे दाखवलं. परत येऊन तुम्ही रांगेत उभे राहिलात, दुःखी गेंड्यासमोर पोचल्यावर डोळे टिपलेत आणि अभिप्रायवहीत सुवाच्य अक्षरात लिहिलंत: 'असे हात आता कुठे पाहायला मिळतात!'